धरासोडा

खोकल्याने बेजार झालेली बाई एक्स-रेच्या फळीला छाती टेकवून उभी होती. त्याने नेहमीप्रमाणे मागून तिचे दोन्ही खांदे तळव्यांत घेतले, जरा पुढे ढकलले, हनुवटी उचलून फळीच्या कडेवर ठेवली आणि अंगठा तिच्या कमरेला लावून तिला केसभर डावीकडे सरकवलं. या सगळ्याला त्याला चुटकी वाजवण्याइतकाही वेळ लागत नसे. हात आपले आपण जात आणि डोकं तोवर कुठेही भटकून येई, घरचा गळका नळ, स्कूटरचं बसलेलं चाक, काहीही. आज मात्र अंगठा उचलताना त्याला तो दिसला. आपलाच अंगठा, बोथट नखाचा, औषधी साबणाने कायम कोरडा पडलेला. तो काचेमागे गेला, ‘श्वास घ्या, धरा’ म्हणाला, बटण दाबलं आणि तिसरा शब्द तोंडातच राहिला. हाच अंगठा. हीच जागा. गेल्या आठवड्यात, याच खोलीत, काडीच्या कमरेला.

“अहो,” फळीकडून घुसमटलेला आवाज आला, “श्वास सोडू का? का जीवच सोडू?”

“सोडा, सोडा,” तो घाईघाईने म्हणाला. बाई हसली आणि हसता हसता पुन्हा खोकली. दवाखान्यात त्याला सगळे धरासोडाच म्हणत, डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते ओळखपत्र नेहमी उलटं लटके. एक्स-रेच्या खोलीत उमेदीची सगळी वर्षं गेली होती. धरा म्हटलं की माणसं धरत, सोडा म्हटलं की सोडत. घरी कुणी इतकं ऐकत नाही, असं तो गमतीने म्हणे. एवढ्या काळात तिसरा शब्द विसरल्याचं त्याला आठवत नव्हतं. आणि आता आठवलं, तर हा दुसरा प्रसंग होता. पहिला गेल्याच आठवड्यातला. बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती, कुणीतरी दारावर टकटक करत होतं, आणि तो हातांकडे बघत उभा होता, जणू ते कुणी दुसऱ्याने इथे विसरून ठेवले आहेत.

काडी त्याची मुलगी. लहानपणी काडीसारखी होती म्हणून काडी, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी अशी सरसर उंच झाली की बायको म्हणे, हिचे कपडे धुवून वाळेपर्यंत आखूड होतात. तेव्हा त्याला फार कौतुक वाटायचं. दाराच्या चौकटीला पाठ लावून तिची उंची मोजायची, पेन्सिलने खूण करायची, ‘सरळ उभी राहा, टाच उचलू नकोस’ म्हणायचं. त्या चौकटीला टेकलेली पाठ आपण कितीदा पाहिली आणि काय पाहिलं, असं आता मनात येई. शोध लागला तो बायकोला, तोही आंघोळीनंतर केस झटकताना. काडीने वाकून ओले केस पुढे टाकले होते, सदरा पाठीला चिकटला होता, आणि उजव्या बाजूचा पाठीचा भाग डाव्यापेक्षा वर आला होता, चादरीखाली हात घालून ती कुणी उचलावी तसा. बायको बालवाडीत शिकवायची. दिवसभर पोरांची शेंबडी नाकं आणि सुटलेल्या नाड्या बघून तिची नजर तयार झालेली. तिने हाक मारली, “अहो, जरा इकडे या,” आणि त्या हाकेतच काहीतरी होतं. तो आला, त्याने पाहिलं. रोज कित्येक मणके उजेडात धरून बघणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातला मणका त्याला दुसऱ्याने दाखवावा लागला.

डॉक्टरबाई त्याच दवाखान्यातल्या, मणक्याच्या. चांगल्या होत्या, उगाच गोड बोलत नसत. पाठीचा कणा बाजूला वाकतोय, त्या म्हणाल्या होत्या, आणि नुसता वाकत नाही, वाकता वाकता पिळतोही, ओलं फडकं पिळताना वळतं तसा. म्हणून बरगड्या एका बाजूने वर येतात. या वयात, भराभर उंची वाढताना हे होतं, मुलींमध्ये जास्त वाढतं. त्याने विचारलं होतं, वेडीवाकडी बसते म्हणून का? पलंगावर पडून वाचते. बायकोने दप्तराचं विचारलं, एकाच खांद्यावर अडकवते हो. डॉक्टरबाईंनी दोन्हीला मान हलवली. “बसण्यामुळे नाही, दप्तरामुळे नाही. तुमच्यामुळे नाही, हिच्यामुळे तर नाहीच. कुणामुळेच नाही.” बायकोने हे ऐकून सुस्कारा सोडला. त्याला मात्र तेच सगळ्यात जड गेलं. कुणामुळे तरी झालं असतं तर त्या कुणाला तरी दोन शब्द सुनावता आले असते, निदान स्वतःला तरी. वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलावर ‘सरळ बस, पोक काढू नकोस’ म्हणून त्याने तिचं डोकं खाल्लं होतं. ते सगळं ओरडणं आता फुकट गेलं होतं.

मग फिल्म. ती पहिली फिल्म त्याच्याबरोबर काम करणाऱ्या ताईंनी काढली. ताई त्याच्याहून लहान, पण खोलीतल्या सगळ्यांच्याच ताई. त्यांनी काडीला उभं केलं, बोटं गळ्याखालच्या हाडांवर ठेवायला सांगितली आणि म्हणाल्या, “बस, जशी उभी राहतेस तशी राहा. नीट उभं राहायचा प्रयत्न करू नकोस.” मणक्याच्या फिल्मची रीतच ती. छातीच्या फिल्मला माणसाला हवं तसं बसवायचं, वळवायचं, पुढे ढकलायचं. मणक्याच्या फिल्मला हात लावायचा नाही. जे आहे ते येऊ द्यायचं. हे त्याला ताईंनी शिकवायची गरज नव्हती, त्यानेच ते ताईंना शिकवलं होतं. डॉक्टरबाईंनी पडद्यावर वरच्या तिरक्या मणक्यावरून एक रेघ ओढली, खालच्या तिरक्या मणक्यावरून एक, आणि दोन रेघांमधला कोन मोजला. सत्तावीस अंश. अजून वाढायचं वय आहे, त्या म्हणाल्या, पट्टा लागेल. पट्टा कणा सरळ करत नाही, हे नीट समजून घ्या. जितकं वाकलंय त्याच्या पुढे जाऊ देत नाही. वाढ थांबेपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. चाळीस-पन्नासच्या घरात गेलं तर मग ऑपरेशनचं बोलावं लागतं.

पट्टा म्हणजे पट्टा नव्हताच. काखेपासून मांडीपर्यंत येणारं कडक प्लास्टिकचं टरफल, मागे तीन जाड बंद, आतून एका बाजूला दाबणाऱ्या गाद्या. काडीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव डबा ठेवलं. त्यामुळे सकाळी बायकोने ‘डबा घेतलास का?’ विचारलं की काडी गंभीर चेहऱ्याने विचारायची, “कुठला? खायचा का राहायचा?” रात्रंदिवस डबा, फक्त आंघोळीपुरता बाहेर. सकाळी बायको तिच्या पाठीमागे उभी राहायची, ‘श्वास सोड’ म्हणायची, आणि काडीने श्वास सोडला की गुडघा डब्याला लावून बंद खेचायची. काडी म्हणायची, “लोक मोठ्या कामाला कंबर कसतात, मी शाळेत जायला कसते.” खाली पडलेलं पेन उचलायला ती आख्खी गुडघ्यांवर बसायची. खालच्या मजल्यावरच्या काकू कुणाला तरी म्हणाल्या, पोरीला काय ताठा आलाय, वळून बघतसुद्धा नाही. ते जिन्यात ऐकून काडी घरी येऊन इतकी हसली की डब्यात हसणं मावेना, धाप लागली. आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ बाहेर आली नाही. तो दाराशी उभा होता. दार वाजवावं की नाही, ठरेना. नळाचा आवाज ऐकत राहिला. काचेच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्याला सूचना देण्याची सवय लागलेला माणूस, आणि दाराच्या पलीकडे काय सांगायचं ते त्याला एक अक्षर सुचलं नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या फिल्मची वेळ आली. ताई खाली अपघात विभागात गेल्या होत्या, चहा पिण्याइतक्या वेळात परतणार होत्या. थांबता आलं असतं. त्याने म्हटलं, “कशाला थांबायचं, मी घेतो.” काडी फळीसमोर उभी राहिली, पातळ गाऊनमध्ये, डबा खुर्चीवर ठेवलेला. तिच्या काखेशी डब्याच्या कडेने उमटलेली लाल रेघ होती. ती रेघ त्याने पाहिली. आणि मग खांदा, तो जरा खाली आलेला डावा खांदा पाहिला, आणि हात गेले. खांदे तळव्यांत. हनुवटी वर. अंगठा कमरेला, केसभर डावीकडे. हात सवयीनेच गेले, असं तो आता त्या खोकणाऱ्या बाईची फिल्म तपासताना स्वतःला सांगत होता. सवय आंधळी असते. दिवसभर छातीच्या फिल्म काढणारे हात, तेही काय करणार? पण लगेच दुसरा आवाज विचारत होता, आंधळ्या हातांना नेमका खाली आलेला खांदा कसा सापडला? तो काचेमागे गेला होता. ‘श्वास घे. धर.’ काचेतून दिसणारी काडी इतकी सरळ, इतकी सुंदर उभी होती, वर्षभरापूर्वीची काडी, चौकटीला पाठ लावून टाच न उचलणारी. त्याने बटण दाबलं आणि बघतच राहिला.

डॉक्टरबाईंनी दोन रेघा ओढल्या. बावीस. त्यांनी पुन्हा मोजलं. बावीसच. “कमी झालंय!” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खुर्चीतून उठून त्यांनी काडीच्या गालावर चापटी मारली. “असं क्वचित होतं हं. डब्याने चांगलंच काम केलं म्हणायचं.” उंची मंदावतेय, आता दिवसा सोडून द्या, फक्त झोपताना घालायचा. मग त्याच्याकडे वळून हसत म्हणाल्या, “फिल्म तुम्ही काढलीय म्हणजे प्रश्नच नाही.” तेव्हा तोही हसला होता. जीवात जीव आल्यासारखं हसला होता. बायकोने घरी आल्या आल्या फोन करून आईला, बहिणीला, बालवाडीतल्या मैत्रिणीला सांगितलं, “सुटली बाई पोर.” सुटली हा शब्द तिने त्या संध्याकाळी इतक्यांदा म्हटला की तो घरातल्या भांड्यांवरसुद्धा बसला असेल. आणि आपण त्या आठवड्यात एकदाही त्या अंगठ्याचा विचार केला नाही? की केला आणि झाकून ठेवला? हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं, आणि विचारायचं तर कुणाला?

अंगठा दिसला त्या दिवशी संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा काडी जमिनीवर पालथी पडून पुस्तक वाचत होती, पाय हवेत, आणि सदरा चक्क विजारीत खोचलेला. डब्यावर सदरा खोचता येत नसे. डबा खिडकीजवळच्या खुर्चीवर होता, ताठ बसलेला, पोकळ. बायकोने सोयीचं म्हणून धुतलेले मोजे त्यात टाकून ठेवले होते. “बाबा, आज मी पोहायला नाव दिलं,” काडी म्हणाली. “आता कसं, कपडे बदलायच्या खोलीत कुणी बघायला नको.” तो ‘अरे वा’ म्हणाला. जेवताना तो एक घास घेई आणि पाठीकडे बघे, एक घास घेई आणि पाठीकडे बघे. बायको म्हणाली, “काय टक लावून बघताय पोरीकडे, दृष्ट लावाल.” त्याने मान खाली घातली. आता सांगावं. आता, भांडी उचलायच्या आधी. पण सांगायचं म्हणजे नेमकं काय? की फिल्म खोटी आहे? की मी खोटी काढली? या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं, आणि त्यातलं कुठलं खरं ते ठरल्याशिवाय तोंड उघडत नव्हतं, आणि ते ठरत नव्हतं.

दिवस जात राहिले आणि तो मूग गिळून बसला. कामावर त्याने एकदा दार लावून फिल्म पुन्हा पडद्यावर काढली. बघायला नको होती. हनुवटी वर उचललेली दिसत होती, छातीच्या फिल्मला उचलतात तशी. मणक्याच्या फिल्ममध्ये हनुवटीचं तिथे काही कामच नव्हतं. कमरेचं हाड एका बाजूला सरकलेलं, आणि सगळं अंग ओढून धरलेलं, बरगड्यांमधून दिसावं इतकं. ओळखणाऱ्याला ओळखू आलं असतं. पण डॉक्टरबाई मणके बघतात, हनुवटी बघत नाहीत. आणि काढणाऱ्यावर त्यांचा विश्वास होता. चुकलं म्हणायचं तर इतकी वर्षं जे एक काम जमतं म्हणून मिरवलं तेच गेलं. नाही म्हणायचं तर दिवस जाताहेत आणि ती वाढतेय. डॉक्टरबाईंचं वाक्य तो पाठ केल्यासारखं मनात म्हणे: जितकं वाकलंय त्याच्या पुढे जाऊ देत नाही. आता कोण पुढे जाऊ देत नव्हतं? खुर्चीवरच्या मोज्यांना धरून ठेवत होता डबा. रस्त्याने जाताना त्याला सगळ्या पोरींच्या पाठी दिसू लागल्या, बसथांब्यावरच्या, सायकलवरच्या, दुकानाच्या काचेसमोरच्या. कुणाचा खांदा खाली, कुणाचं दप्तर तिरकं. स्वतःला तो समजावी, पाच-सात अंशांचा फरक कुठल्याही दोन फिल्ममध्ये पडतो, हेही खरंच आहे, पुस्तकात आहे. आणि समजावून झाल्यावर त्याच्या लक्षात येई की आपण मघापासून श्वास रोखून चालतोय.

बायकोला तो एकदा सांगणारच होता. ती स्वयंपाकघरात डब्याचे बंद पुसत होती, झोपताना घालायचा म्हणून. त्याने म्हटलं, “ऐक ना.” ती वळली, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आलेलं ते निवांतपण, ओठ जरासे उघडे. तो म्हणाला, “नळवाला येऊन गेला का?” ती म्हणाली, “केव्हाचाच.” नळ गळायचा थांबलाही होता. त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी दुपारी तो काडीला आणायला पोहण्याच्या तलावावर गेला. बाहेरच्या बाकावर बसला. पाण्याचा तो औषधी वास दवाखान्यासारखाच, त्यामुळे इथेही त्याला सुटका नव्हती. ती बाहेर आली, केस निथळत होते, हातात टॉवेल. बाकापाशी उभी राहून ती केस पुसू लागली. सरळ उभी राहून, एकेक बट टॉवेलमध्ये घेऊन, हळूहळू, म्हाताऱ्या बाईसारखी. तिला अशी केस पुसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. ती लहानपणापासून कमरेत वाकायची, केस पुढे फेकायची आणि फटाफट झटकायची; तुषार उडून सगळ्यांची ओरड व्हायची. “झटक ना,” तो म्हणाला, “असे कधी वाळणार?” ती म्हणाली, “राहू द्या.” “अगं झटक, इथे कोण आहे ओरडायला?” ती थांबली. टॉवेल तसाच हातात. “वाकले की दिसतं, बाबा,” ती म्हणाली.

तलावातून पोरांचा ओरडा, शिट्टीचा आवाज येत होता. त्याच्या डोक्यात इतके दिवस जे वाक्य जुळत नव्हतं ते जुळलं नाहीच; जे आलं ते तुटकंच आलं. “काडी, ती फिल्म,” तो म्हणाला. “ती बरोबर नाही आली. मी तुला धरलं. हात लावायचा नसतो, मी लावला.”

“माहितेय मला.”

“काय माहितेय?”

“तुम्ही इथे आणि इथे हात लावलात ना,” तिने खांद्याला, मग कमरेला बोट लावलं, “तेव्हाच कळलं. ताईंनी पहिल्यांदा हातच लावला नव्हता. उलट म्हणाल्या होत्या, नीट उभी राहू नकोस. मला वाटलं तुम्हाला सांगावं. पण तुम्ही काचेमागे गेलात आणि तुमचा चेहरा असा होता ना...” तिने चेहरा करून दाखवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. “मग मी धरून ठेवलं. सगळं अंग. जोर लावून.”

“का?”

“तुम्हाला हवं होतं.” ती बाकावर बसली, त्याच्या शेजारी, आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, “मलाही हवं होतं. एकट्या तुम्हालाच नाही.” मग जरा वेळाने, “तुम्ही सोड म्हणालाच नाहीत, बाबा. मी वाट बघत होते. मग बटण वाजलं, तरी म्हणाला नाहीत. मग मी धरलेलंच ठेवलं.”

त्याला वाटलं, ती त्या खोलीतलं बोलतेय. पण ती पुढे बोलत होती, केसांचं पाणी सदऱ्यावर गळत असताना, टॉवेलच्या दशा ओढत. “घरी पण. आई बघते, तुम्ही तर सारखेच बघता. जेवताना, चालताना, पुस्तक वाचताना. आई आली की मी पालथी होते, पालथं असलं की कळत नाही. सगळा वेळ धरून ठेवायचं. पाठ इतकी दुखते ना, की पाण्यात गेलं की रडू येतं. पाण्यात कुणाला कळत नाही.” मग तिने नाक ओढलं आणि एकदम म्हणाली, “त्याच्यापेक्षा डबा बरा होता. त्यात निदान मला स्वतःला धरावं लागत नव्हतं.”

त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही, कारण लपवायला हात हवे होते आणि ते मांडीवर मेल्यासारखे पडले होते. आठवड्यापूर्वी त्याला वाटलं होतं की आपण एका कोंडीत सापडलो आहोत. त्या कोंडीत ही पोर आपल्या आधीपासून उभी होती, श्वास धरून, आपण कधी शब्द उच्चारतो याची वाट बघत. “सोड,” तो म्हणाला. इतक्या हळू की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पण शेजारी बसलेलं ते लहानसं शरीर त्याला बदलताना जाणवलं. डावा खांदा खाली आला. पाठ एका बाजूला कलली आणि तिच्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. ती त्याला टेकली. वाकडी, ओली, जड.

बायकोला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती चिडली नाही, ते फार वाईट झालं. तिने खुर्चीवरच्या डब्यातून मोजे एकेक करून काढले, जोड्या लावल्या, आणि विचारलं, “किती दिवस माहीत होतं?” तो सांगू लागला तर म्हणाली, “नको, नका सांगू.” डॉक्टरबाई चिडल्या. दार लावून घेऊन जे बोलायचं ते बोलल्या, आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, “फिल्म ताई घेतील.” तो म्हणाला, “हो. ताईच घेऊ देत.”

तो पहिल्यांदाच त्या दाराच्या बाहेर बसला, बाकावर, ताटकळणाऱ्या माणसांमध्ये. दारावरचा लाल दिवा लागला. आतून ताईंचा आवाज येत होता, जरा अस्पष्ट, पण शब्द ओळखीचे. श्वास घे. धर. त्याने नकळत धरला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने त्याला ओळखलं आणि विचारलं, “तुम्ही बाहेर कसे, धरासोडा?” श्वास धरलेला, म्हणून त्याने नुसती मान हलवली. आत किती वेळ लागतोय. आतून ‘सोड’ आलं तेव्हा त्यानेही सोडला, आणि म्हातारा हसला.

बत्तीस. डॉक्टरबाईंनी यावेळी एकदाच मोजलं आणि पुन्हा मोजायचं कुणी म्हणालं नाही. पुन्हा रात्रंदिवस डबा. पुढच्या आठवड्यात नवा साचा, या वेळी जास्त घट्ट, जास्त वर, अगदी काखेला भिडणारा, तोवर हाच. चाळिशीच्या आत ठेवायचं आहे, त्या म्हणाल्या, ठेवू, पण आता एक दिवसही वाया नको. “वाया” म्हणताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकारच. बायको बालवाडीत होती, तिला सुट्टी मिळाली नव्हती. काडीने कपडे बदलायच्या पडद्याआडून हाक मारली, “बाबा.” तो गेला. ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती, पातळ बिनबाह्यांची बनियन, आणि डबा अंगावर चढवलेला, मागून उघडा, बंद सुटे लोंबत होते. ती पाठ त्याने आज पहिल्यांदा तशीच्या तशी पाहिली, हात न लावता. मधोमध खाली उतरणारी ती ओळ उजवीकडे गेलेली, मग परत डावीकडे, आणि उजव्या बाजूचा भाग वर आलेला. हीच ती. हिलाच धरायचं होतं, आहे तशी.

“आई नाही ना,” काडी म्हणाली. “तुम्हालाच बांधावं लागेल.”

त्याने खालचा बंद कडीत ओवला. तो दोनदा सुटला. “श्वास सोड,” तो म्हणाला. ती श्वास सोडत गेली, पोट आत गेलं, आणि त्याने ओढलं. प्लास्टिक करकरलं. तिच्या काखेशी तीच लाल रेघ दिसली, अजून पुरती न गेलेली, आणि त्याच्या हातातला जोर आपोआप सैल पडला. त्याने बंद अडकवला, म्हणाला, “झालं.”

ती तशीच उभी राहिली. वळता येत नसल्यामुळे समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “नाही झालं. आई आणखी ओढते.”

त्याने गुडघा डब्याला लावला आणि ओढलं.